सुटकेची बातमी

स्कूटरचं मागचं चाक फिरवत तो त्यावर साबणाचं पाणी लावत होता. भोक सापडलं तसं बोट तिथंच ठेवून, मान वर न करता म्हणाला, "तुमी पेपरार बरयताल्यात न्ही?"

मी हो म्हटलं. नोकरी सोडून सात वर्षं झाली, तरी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात अजून कुणी ना कुणी ओळखतं आणि ते मला बरं वाटतं. मग त्यानं आपलं नाव सांगितलं, वाड्याचं नाव सांगितलं. "म्हजें नांव तुमी एकदां छापिल्लें." थोड्या वेळानं, पंक्चर काढून झाल्यावर, तो पुढं म्हणाला, "सुटलों तें मात छापलें ना."

आवाजात राग नव्हता. शेजाऱ्याकडं राहिलेलं भांडं परत मागावं, तसं तो बोलला. पैसे किती ते सांगितलं, उरलेले मोजून माझ्या हातावर ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

घरी येऊन मी कात्रणांची जुनी फाईल काढली. तालुक्याच्या वार्ताहराला तेव्हा मजकुराच्या मापावर पैसे मिळत. महिनाभराची कात्रणं कोऱ्या कागदांवर चिकटवायची, पट्टीनं मोजून प्रत्येकाखाली सेंटिमीटर लिहायचे, बेरीज मारून बिल पणजीला पाठवायचं. एक प्रत स्वतःकडं ठेवायची. त्यामुळं माझं बहुतेक सगळं लिखाण जपलं गेलं आहे. ती बातमीही सापडली. नोव्हेंबर १९९८, नऊ सेंटिमीटर. 'फंडपेटी फोडणाऱ्या युवकास अटक' हा मथळा मीच दिलेला होता. खाली नाव, वय, गाव, वाडा, सगळं.

त्यानं फंडपेटी फोडली नव्हती. त्याला अटकही झालेली नव्हती. देवळातली पेटी फुटली, रात्री त्या बाजूला कुणी पाहिल्याचं सांगितलं म्हणून पोलिसांनी त्याला चौकशीला नेऊन ठेवलं होतं, इतकंच. 'संशयित' हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. पण तो शब्द घातला की मथळा लांबतो, बातमी लेचीपेची दिसते. दोन दिवसांनी नेहमीप्रमाणे सकाळी ठाण्यावर गेले, तेव्हा हवालदार म्हणाला, "तो न्हय तो. सोडलो ताका." मी मान डोलावली आणि वही मिटली. त्या दिवशी एक अपघात होता, एका नाट्यप्रयोगाची बातमी होती आणि चारच्या कदंबाच्या गाडीनं पाकीट पणजीला धाडायचं होतं. कंडक्टर ओळखीचा होता. पाकीट वेळेत गेलं. त्यात सुटकेची बातमी नव्हती.

ती पाठवू नकोस, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. संपादकांनी नाही, मालकांनी नाही, पोलिसांनी तर नाहीच. सुटका ही बातमी नसते, हे माझं मीच ठरवलं होतं.

दर ६ जानेवारीला आमच्याकडं पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ साली त्या दिवशी निघालं. जांभेकर देवगडच्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे आमच्या शेजारचेच, त्यामुळं गोव्यातही त्यांच्याबद्दल घरचा माणूस असल्यासारखं बोललं जातं. अशा समारंभांत मी पुष्कळ भाषणं ऐकली, दोन-तीन स्वतःही केली. त्या भाषणांमधला वृत्तपत्र स्वातंत्र्याचा शत्रू नेहमी बाहेरचा असतो. सरकार, मालक, जाहिरातदार, गुंड. ते खरंच आहेत, त्यांना कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या २०२५च्या यादीत १८० देशांत भारताचा क्रमांक १५१वा आहे आणि त्या आकड्यामागं तुरुंगात गेलेली, जिवाला मुकलेली माणसं आहेत. पण माझ्या त्या नऊ सेंटिमीटरांवर कुणाचा हात नव्हता. ती पूर्णपणे स्वतंत्र पत्रकारिता होती, आणि तिनं एका निर्दोष मुलाला चोर ठरवून तसाच सोडला होता.

आजीला हे सांगायला आज ती नाही. ती असती तर तिनं काय म्हटलं असतं, याचा मी बराच विचार केला, कारण छापलेल्या कागदाची किंमत आमच्या घरात तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

आजीचं लग्न १९४९ सालचं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत गोव्यात लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे. पणजोबांनी मसुदा पणजी शहरात सेन्सॉरकडं पाठवला. मुहूर्त ठरलेला, मांडव ठरलेला, मसुदा काही परत येईना. शेवटी पणजोबांनी अक्षता आणि नारळ घेतले, आधी ग्रामदेवतेला अक्षत दिली आणि मग वाड्यावाड्यांतून चालत जाऊन तोंडानं आमंत्रणं केली. परवानगी आली ती लग्न लागून गेल्यावर. ही गोष्ट सांगताना आजी शेवटी म्हणायची, "पत्रिका आयली तेन्ना हांव घोवागेर पाविल्लें गो!" लहानपणी आम्ही त्यावर हसायचो. आजी कधी हसली नाही. पायांत वहाणा नसताना आपल्या बापाला किती चालावं लागलं, एवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं.

याच गोष्टीसाठी तिच्या लग्नाआधी तीन वर्षं, १८ जून १९४६ रोजी, भर पावसात मडगावला राममनोहर लोहियांची सभा झाली होती. त्या दिवसाला आपण क्रांतिदिन म्हणतो. पण त्या दिवशीची मागणी सत्तेची नव्हती. बोलण्याची, लिहिण्याची, एकत्र जमण्याची मोकळीक, एवढीच होती. आणि हे अशा भूमीत मागावं लागलं, जिथं भारतातला पहिला छापखाना १५५६ साली उतरला! जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात. पुढं १७५४ साली पोर्तुगालनं इथल्या छपाईवर बंदी घातली आणि १८२१ पर्यंत गोव्यात छापखाना नव्हता. मग 'गाझेत द गोवा' निघालं, १९०० साली 'ओ एराल्दु' हे दैनिक आलं. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं, तेव्हा चार दिवस मोकळी हवा मिळाली, मराठी पत्रंही त्या हवेत वाढली, केप्याहून गोविंद पुंडलिक हेगडे देसाईंचं 'भारत' निघू लागलं. १९२६ला तिकडं लष्करी बंड झालं आणि दार पुन्हा बंद.

त्या बंद दाराच्या काळातल्या वर्तमानपत्रांवर एक ओळ छापलेली असे, 'व्हिझादु पेला सेन्सुरा'. सेन्सॉरनं तपासलेलं. ही ओळ माझ्या मनातून जात नाही. कारण तिच्यामुळं वाचणाऱ्याला निदान एवढं तरी कळत होतं की या कागदातून काहीतरी काढून घेतलेलं आहे. तो सावध राहून वाचायचा, काय गाळलं असेल ते बाजारात, देवळाच्या चौकात दुसऱ्या कानानं ऐकून घ्यायचा. मी जे गाळलं, त्यावर असली कोणतीही ओळ नव्हती. वाचकाला खोटं पकडता येतं. उशिरा का होईना, येतं. जे लिहिलंच नाही, ते तो कसं पकडणार?

गोव्याला त्या गाळलेल्या बातम्या सांगण्यासाठी दोन माणसं सहा वर्षं रानात राहिली होती. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे त्यांचं गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झालं, आधी आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसलरॉकच्या बाजूनं. कोकणी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांतून ते बोलत. जगात काय चाललं आहे, वसाहती कुठंकुठं मोकळ्या होत आहेत, पोर्तुगीज रेडिओ काय खोटं सांगतो आहे. आजोबा सांगत की डिचोलीत एका घरात खिडक्या लावून, आवाज मुंगीएवढा ठेवून ते ऐकायला जमायचे आणि घरातली एक मुलगी सोप्यावर फुलं ओवत बसायची, कुणी आलं तर खोकायला. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा त्याच दोघांनी विमानातून, ध्वनिक्षेपकावरून ती बातमी गोव्यावर पेरली. गोव्याच्या सुटकेची बातमी अक्षरशः आभाळातून आली. ती देण्यासाठी दोन तरुण माणसांनी आयुष्यातली सहा वर्षं जळवा आणि पावसात काढली. आणि मला एका सुटकेच्या बातमीसाठी चार ओळी जास्त लिहायच्या होत्या.

मुक्तीनंतरचा काळ वेगळा. आमच्या घरी १९६७च्या जनमत कौलाच्या वेळी 'गोमन्तक' यायचा, तो गोव्याच्या महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूचा. बाबांचं मतही तेच. मडगावचा 'राष्ट्रमत' विरोधातला, आणि त्यातलं उदय भेंब्र्यांचं 'ब्रह्मास्त्र' सदर बाबांना मुळीच पटत नसे; पण ते रोज बाजारातून 'राष्ट्रमत' आणून पहिल्यांदा तेच वाचायचे आणि मग आजोबांशी तावातावानं बोलायचे. १६ जानेवारीला कौल झाला, चौतीस हजार एकवीस मतांनी गोवा वेगळा राहिला. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. तरी पुढं कित्येक वर्षांनी ते म्हणाले होते, "त्या वेळी दोन्ही पेपर एकतर्फी होते, पण लपून नव्हते. कोण कुठं उभा आहे ते माहीत होतं." वर्तमानपत्रानं बाजू घेण्याला माझा विरोध नाही तो यामुळं. बाजू दिसली पाहिजे, एवढंच.

मी वार्ताहर झाले तेव्हा मात्र बाजू दिसेनाशी झाली होती, आणि मला वाटतं ती खाणीच्या धुळीत हरवली. हे जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरच्या वाचकाला त्यातली गुंतागुंत ठाऊक नसते.

गोव्यातली मोठी दैनिकं खाण उद्योगात मोठ्या झालेल्या घराण्यांनी काढली. 'गोमन्तक' चौगुल्यांनी, 'नवहिंद टाइम्स' आणि 'नवप्रभा' धेंपोंनी, कोकणी 'सुनापरान्त' साळगावकरांनी. त्यांनी पैसा घातला नसता तर इथं इतकी वर्तमानपत्रं उभीच राहिली नसती, हेही खरं. पण वार्ताहराच्या पातळीवर प्रश्न मालकाचा नसतोच. तो असतो शुभेच्छा जाहिरातींचा. चतुर्थी आली, दिवाळी आली, वर्धापन दिन आला की विशेष पुरवणी निघते, आणि तिच्या जाहिराती गोळा करायच्या तालुक्याच्या वार्ताहरानं. मला जाहिरातीवर पंधरा टक्के मिळायचे. बातम्यांच्या बिलातून स्कूटरचं पेट्रोल निघायचं; घर चालायचं ते या पंधरा टक्क्यांवर. आणि डिचोली तालुक्यात जाहिरात देणार कोण? पंचायत, सरपंच, ट्रक मालक, खनिज वाहतुकीचे कंत्राटदार. ज्याच्याकडं मंगळवारी जाहिरातीसाठी चहा प्यायचा, त्याच्याविरुद्ध गुरुवारी लिहायचं. कुणी लिहू नकोस म्हणत नाही. चहाच तेवढा म्हणतो.

एका जुलैमध्ये पावसानं खाणीतल्या टाकाऊ मातीचा डंप घसरला आणि लाल गाळ खालच्या शेतांत उतरला. सरदीचं, म्हणजे पावसाळी, भात नुकतंच लावलेलं. मी गेले तेव्हा एक म्हातारा कोपरापर्यंत हात घालून रोपं चाचपत होता, जणू बुडालेलं पोर शोधतो आहे. मी टिपणं घेतली, सर्व्हे नंबर घेतले. परत येताना त्याच गावच्या नाक्यावर त्याचा धाकटा मुलगा भेटला. बँकेचं कर्ज काढून त्यानं टिपर घेतला होता, तो याच खाणीवर चालायचा. "बाये, बरोवचें तें बरय," तो म्हणाला, "पूण हप्तो कोण भरतलो तेंय बरय." मला उत्तर देता आलं नाही. त्याचा प्रश्न खोटा नव्हता. पण त्याचा प्रश्न आणि बापाचा गाळ, दोन्ही एकत्र लिहिले असते तर ती त्या वर्षीची सर्वांत खरी बातमी झाली असती. मी लिहिलं ते असं : 'जोरदार पावसामुळे शेतीचे नुकसान'. पावसामुळे! वहीतले सर्व्हे नंबर वहीतच राहिले. महिनाभरात चतुर्थीची पुरवणी होती.

२०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर लोहखनिज बाहेर गेलं. सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, राज्य सरकारनं खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं त्या बंदच केल्या. एका रात्रीत टिपर अंगणात येऊन उभे राहिले. चाकांवर वेल चढले. तेव्हा मी डेस्कवर, पणजीला होते, आणि गावी गेले की लोक विचारत, हे सगळं बेकायदा चाललं होतं तर पेपरांना आधी कसं कळलं नाही? विचारणाऱ्यांत तो टिपरवाला मुलगाही होता. वेळीच कळलं असतं तर कर्ज घेतलं नसतं, असं तो म्हणाला. त्याचा हप्ता वाचवण्यासाठी मी गप्प राहिले, असं इतकी वर्षं स्वतःला समजावत होते. खरं तर त्या गप्प राहण्यानंच तो बुडाला होता.

आपल्या राज्यघटनेत वृत्तपत्र स्वातंत्र्यासाठी वेगळं कलम नाही. कलम १९(१)(क) मध्ये प्रत्येक नागरिकाला जे भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य आहे, तेच पत्रकाराचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला ही मोठी उणीव वाटायची. आता वाटतं, ते किती बरोबर आहे. पंक्चर काढणाऱ्याचं आणि माझं स्वातंत्र्य एकच. फरक इतका की त्याचा आवाज नाक्यापर्यंत जातो, माझा गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोणपर्यंत जात होता. तो मी त्याच्याविरुद्ध वापरला, आणि त्याच्या बाजूनं वापरायची वेळ आली तेव्हा गाडी चुकेल म्हणून घाई केली.

चूक मोठमोठ्यांकडूनही होते. कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांनी ज्या पत्रांच्या आधारे दिवाण बर्व्यांवर लिहिलं, ती बनावट निघाली. त्यांनी माफी मागितली, तरी शिक्षा झाली, १८८२ साली एकशे एक दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. टिळक-आगरकरांच्या वारशाबद्दल बोलताना आपण तुरुंग सांगतो, माफी सांगायला विसरतो. मला ती माफी आता फार मोठी वाटते. आमच्या धंद्यात 'पाठपुरावा' हा मानाचा शब्द आहे. रस्त्याचा पाठपुरावा, घोटाळ्याचा पाठपुरावा. ज्याचं नाव आपण छापलं त्या माणसाचा पाठपुरावा कुणी करत नाही. आणि आता तर ठाण्याच्या दारात, मागं पोलीस उभे करून काढलेला फोटो पाच मिनिटांत मोबाईलवर फिरतो आणि पंधरा वर्षांनी नाव शोधलं तरी पहिला तोच वर येतो. नव्या मुलांना मी एवढंच सांगते की ताब्यात घेतल्याची बातमी दिलीत ना, मग त्याच वहीच्या पानावर खाली एक रिकामी जागा ठेवा आणि ती भरेपर्यंत पान उलटू नका.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्याच्याकडं गेले. पंक्चर नव्हतं. स्टुलावर बसले आणि सांगितलं की माझं चुकलं, आणि तुम्ही हो म्हणालात तर ते लिहायचं आहे. त्यानं हात पुसले. बराच वेळ काही बोलला नाही. मग हळूहळू सांगू लागला. त्या कात्रणामुळं बहिणीची ठरत आलेली सोयरीक मोडली होती. पुढं झाली, चांगली झाली, पण दोन वर्षं गेली. देवळाच्या जत्रेला तो सात वर्षं गेला नाही. सुटलास हे तू स्वतः का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं, आणि विचारताच लाज वाटली. तो म्हणाला, "हांवें सांगून कोण सत मानतलो? पेपरार आयिल्लें न्ही."

नाव घालू नका, तो म्हणाला. मुलं मोठी झाली आहेत. मी नाही घालणार, म्हटलं. मी उठले तेव्हा त्यानं थांबवलं. "पूण तारीख घालात." त्याला ती पाठ होती. शुक्रवार होता, म्हापशाचा बाजार होता, आई बाजाराला न जाता ठाण्याच्या बाहेर बसली होती.

डिचोली, ता. २७ नोव्हेंबर १९९८ (वार्ताहर) : तालुक्यातील एका देवस्थानची फंडपेटी फोडल्याच्या प्रकरणी पोलिसांनी चौकशीसाठी ताब्यात घेतलेल्या युवकाचा या चोरीशी कोणताही संबंध नसल्याचे आढळून आल्याने त्याला आज शुक्रवारी सोडून देण्यात आले. यासंबंधी यापूर्वी प्रसिद्ध झालेले वृत्त चुकीचे होते. या युवकाला अटक झालेली नव्हती.